वाडीला पाणी चढलं की

शुक्रवार, पुणे ते कोल्हापूर

वाडीला पाणी चढलं की जायचं, असं काकूने नानाकाकाच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीतच जाहीर करून टाकलं होतं. भटजींचं भटजींनी केलं, आता ह्यांचं आपण करू, असं म्हणाली आणि पुढच्या पानावर मठ्ठा वाढायला गेली. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, आमच्याकडे सगळे नरसोबाची वाडी म्हणतात, शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं स्थान. बाकीचे लोक पाणी उतरायची वाट बघतात, आमचं घर चढायची. का ते शनिवारच्या भागात सांगते, आत्ताच सांगितलं तर मधलं कोणी वाचणार नाही.

जुलैत घाटावर पाऊस लागला तसं काकूने रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला सुरुवात केली. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, कोल्हापुरात पोराटोरांना हे आकडे पाठ असतात, पण काकू साताऱ्याची, तिला पाठ झाले ते नानाकाकामुळे. काकाचा एसटीडी बूथ होता. त्या काळात बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यात त्याला मिळाला. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, टर्रर्र करत बिल काढणारं मशीन. पावसाळ्यात रात्री उशिरा रेट कमी झाला की तो वाडीच्या एका पेढेवाल्याला फोन लावायचा, पाणी कुठवर आलंय एवढंच विचारायचा आणि स्वतःच्याच बूथवरून केलेल्या त्या कॉलचं बिल फाडून पैसे गल्ल्यात टाकायचा. काकू म्हणायची, अहो हे कुणाला दाखवायला? तर म्हणे हिशेबाला.

गाडीत आम्ही दादा (काकांचा मुलगा, चालवणारा तोच), वहिनी, मी आणि माझी लेक, आणि साताऱ्यात काकूला घेतलं. काकूबरोबर एक बॅग, एक डबा आणि ती खुर्ची. खुर्ची म्हणजे साधी प्लास्टिकची, हात असलेली, बसायच्या जागी मधोमध गोल कापलेली. लॉजला कमोड नसेल तर भारतीय संडासावर ही ठेवायची आणि बसायचं. काकाने ती स्वतः हॅक्सॉने कापली होती आणि कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या होत्या, कारण पहिल्या प्रयोगात काय झालं ते तो फक्त पुरुषांना सांगायचा. आमच्या लहानपणी प्रत्येक ट्रीपला जीपच्या टपावर सगळ्यात वर ही खुर्ची बांधलेली असायची आणि आम्हा पोरांना तिची भयंकर लाज वाटायची. आता काकूचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, त्यामुळे खुर्ची परत टपावर.

आनेवाडीच्या टोलच्या आधीच लेकीने विचारलं होतं की नानाआजोबांना पोलिओ झाला होता म्हणजे नक्की काय झालं होतं. नऊ वर्षांची आहे, तिने पोलिओ झालेलं मूल कधी बघितलेलंच नाही. आमच्या वर्गात दोघं होते, बाबांच्या वेळी तर प्रत्येक आळीत एक असायचा. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, हावड्याला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचं सर्टिफिकेट मिळालं, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली मग मला ते थेंब कशाला दिले. आता हे साताऱ्यापर्यंत समजावत बसले.

नानाकाका १९५६ चा. दीड वर्षाचा असताना ताप आला, उजवा पाय मांडीपासून गेला, डावा अर्धामुर्धा कामाचा राहिला. आजी शेवटपर्यंत म्हणायची की तापात डॉक्टरने कमरेत सुई दिली आणि पोराचा पाय गेला, आणि बाबा तिला दरवेळी गप्प करायचे की आई असं नसतं. पुढे एका ऑर्थोपेडिकवाल्यांनीच सांगितलं की पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर लुळेपणाचा धोका खरंच वाढतो, आणि बहुतेकदा ज्या बाजूला सुई त्याच बाजूला. आजी तेव्हा नव्हती.

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा काकाने आपण होऊन बूथसमोरची जागा दिली. टेबल, बर्फाचा डबा, नर्सबाई, आणि शेजारी स्टुलावर हा, पँट गुडघ्याच्या वर दुमडून, लुळ्या पायाला आधार द्यायच्या कॅलिपरच्या दोन्ही सळ्या, पट्टे आणि बूट दिसतील असा बसलेला. एरवी उन्हाळ्यातसुद्धा फुल पँटशिवाय कोणाला दिसायचा नाही. कोणी आई पोराला घेऊन नुसतीच पुढे चाललेली दिसली की हाक मारायचा, ताई, हे बघून जावा. नर्सबाई म्हणायच्या यांच्यामुळे आमचं टार्गेट दुपारी बारालाच होतं.

कोल्हापूरला पोचायला संध्याकाळ झाली, हायवेचं काम चालूच आहे, त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. लॉज काकाच्या डायरीतलाच. ही डायरी म्हणजे पतसंस्थेची फुकट मिळणारी, लाल कव्हरची, त्यात त्याने प्रत्येक गावाचं लिहून ठेवलंय पण प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेतलंत तर निराशा होईल. नमुना: "तळमजल्याची खोली मागून घेणे. संडासाला उंबरा ४ इंच. नळ उजवीकडे. मालक बरा, पोरगा आगाऊ." आता त्या लॉजला लिफ्ट झालीय आणि तो आगाऊ पोरगा मालक आहे. अजूनही आगाऊच.

रात्री अंबाबाईला गेलो. इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे जी पोलिओवाल्याच्या घरात राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. कॅलिपर बुटाला जोडलेला असतो. सळ्या खाली बुटाच्या टाचेत अडकवलेल्या. म्हणजे देवळाबाहेर चपला काढा म्हटलं की बाकीच्यांच्या चपला निघतात, याचा पाय निघतो. मग एक तर बाहेर बसायचं नाहीतर बुडावर सरकत आत जायचं. काकाला सरकायची लाज अजिबात नव्हती, घरात तो तसाच फिरायचा आणि आमच्यापेक्षा फास्ट, पण गर्दीत लोक हातात पैसे ठेवायचे. एकदा अंबाबाईच्या आवारात एका बाईंनी त्याच्या मांडीवर रुपया टाकला, हा मोठ्याने म्हणाला, बाई, सुट्टे नाहीयेत, आठ आणे परत कुठनं देऊ? त्यानंतर तो महाद्वारापाशी चप्पल स्टँडवाल्याजवळ बसायला लागला आणि आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत त्याला सगळी माहिती झालेली असायची, किरणोत्सवाला यंदा किरणं कुठपर्यंत पोचली, नोव्हेंबरात ढग आडवे आले का, कुठल्या गल्लीत घर पाडतायत, आज ओटीच्या साड्यांचा भाव काय. आम्ही आत देवीचा मुखवटा दोन सेकंद बघून बाहेर.

काकूने या वेळी मुखदर्शन घेतलं आणि सरळ स्टँडपाशी जाऊन बसली. नवीन माणूस होता. दहा मिनिटांत त्याच्या बायकोची सिझेरियनची तारीख तिला ठाऊक.

शनिवार, नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर

सकाळी लवकर निघालो, काकूने नाश्ता करू दिला नाही. जयसिंगपूर, शिरोळ, दोन्हीकडे ऊस आणि मधेमधे शेतात पाणी. वाडीत शिरताना नेहमीसारखी बासुंदी, कवठाची बर्फी, पेढ्यांची दुकानं.

आता ते पाण्याचं. वाडीला मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत, आणि देऊळ नदीच्या घाटावर अगदी खाली. एरवी जायचं तर पायऱ्या उतरत जायचं, आणि मग अर्थात चढत यायचं. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी देवळात शिरतं. पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात अंघोळ करायला लांबून लांबून लोक येतात. पाणी आणखी चढलं की खाली जाताच येत नाही, मग उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात आणतात, आणि तिथंही पाणी आलं तर थेट गावात टेंबेस्वामींच्या मठात.

म्हणजे देव पायऱ्या चढून वर येतो.

नानाकाकाला हे कळलं तेव्हा तो विशीत होता, कुणा एसटी कंडक्टरने सांगितलं म्हणे. तेव्हापासून त्याची वारी पावसाळ्यात. लोकांचा पूर, याची पर्वणी. देव टेंबेस्वामी मठात आला असा फोन आला तर बघायलाच नको, दुसऱ्या दिवशी बूथ बंद आणि हा वाडीत. म्हणायचा, पंगुं लंघयते गिरिम् असं लिहून ठेवलंय, पांगळा डोंगर ओलांडतो म्हणे, मला डोंगर नको, त्याने चार पायऱ्या चढून यावं, मी एसटीची पायरी चढून येतो, फिट्टंफाट. एसटीची पायरी ही काय चीज आहे ते कुबड्या घेऊन लाल डब्यात चढलेल्यालाच माहीत. सवलतीचा पास होता, राखीव सीट होती, पण पायरी गुडघ्याएवढी उंच आणि कंडक्टरची बेल चालू.

देवावर त्याची श्रद्धा होती का, हे मला अजून सांगता येणार नाही. देवाकडे माझा एक पाय बाकी आहे असं म्हणायचा, उधारी असल्यासारखं. वाडीच्या देवळाची कथा प्रसिद्ध आहे, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, नृसिंहसरस्वतींच्या कृपेने ती परत आली म्हणून बादशहाने देऊळ बांधून दिलं, म्हणून त्याला नेहमीसारखं शिखर नाही. ही कथा कोणी सांगायला लागलं की काका शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, मुलीचे पाय गेले असते ना, तर देऊळ वर रस्त्याला बांधलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी देवळात होतं, उत्सवमूर्ती नारायणस्वामींकडे होती. वरून खाली बघितलं तर गढूळ, तांबूस पाणी, ओंडके, जलपर्णी, आणि पाण्यावर देवळाचा वरचा भाग. लेक एकदम गप्प झाली, तिने पुराचं पाणी एवढं जवळून बघितलं नव्हतं. काकूला नारायणस्वामींपर्यंतसुद्धा थोड्या पायऱ्या उतरायच्या होत्या आणि ती म्हणाली मी येत नाही, तुम्ही जा. दादाने हात पुढे केला तर चिडली. हे पण अगदी काकाचंच, न विचारता कोणी दंड धरला की तो ओरडायचा, कारण कुबडीवाल्याचा दंड धरला की त्याचा तोलच जातो. धरायचंच असेल तर पाठीमागे उभं राहायचं आणि पडला तर झेलायचं, आम्हा सगळ्या पोरांना हे लहानपणी शिकवलेलं. दादा गप्प मागे जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने काकू आपली आपण कठडा धरून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरली, दर्शन घेतलं, वर आली आणि मग धाप लागलेली असतानाच म्हणाली, चला बासुंदी.

पेढेवाले स्वतः आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बसतो, पण काकूचा निरोप गेल्यावर आतून आले. काका गेल्याचं त्यांना माहीत होतं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल, तर त्यांनी सुरुवातच तक्रारीने केली, तुमचे नाना काट्यावर नजर ठेवून असायचे, बासुंदी मोजताना डब्याचं वजन वजा केलं का म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचे. काकू म्हणाली, मग करायचा की नाही वजा? म्हातारा हसायला लागला. मग सांगितलं की २०१९ च्या महापुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं, हे सगळे घर सोडून शिरोळच्या बाजूला नातेवाईकांकडे गेलेले, मोबाईल लागत नव्हते, आणि लागला तेव्हा पहिला फोन नानांचा, पण त्या वेळी पाणी कुठवर आलंय असं विचारलं नाही, गाडीभाड्याला पैसे आहेत का विचारलं. हायवे शिरोलीला बंद होता तेव्हा, कोल्हापूरला कोणी जाऊ शकत नव्हतं. काकूला यातलं काही माहीत नव्हतं. पैसे पाठवले होते का, तिने विचारलं. पाठवले होते. किती ते म्हाताऱ्याने सांगितलं, मी लिहीत नाही, पण काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला, त्या वर्षी हिने फ्रिज मागितला होता आणि पुढच्या दिवाळीत बघू असं उत्तर मिळालं होतं. गाडीत बसल्यावर शिरोळच्या फाट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही आणि मग म्हणाली, हिशेबाला पक्का म्हणे!

खिद्रापूरचा रस्ता चालू आहे का ते विचारून पुढे निघालो. कोपेश्वराचं देऊळ न बघता वाडीहून परत जाणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, बाहेरून खाली हत्तींची रांग, एकेक हत्ती वेगळा. देवळात नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा नंदीला घेऊन गेली, तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, आणि इकडे शंकर रागावून बसलेला म्हणून कोपेश्वर. त्याची समजूत घालायला शेजारी विष्णू धोपेश्वर म्हणून लिंगरूपात बसलाय.

खरं बघायचं ते पुढचा स्वर्गमंडप. गोल, सगळीकडून खांब, आणि मध्यभागी छतच नाही, मोठं गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल एक शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलात येतो, तेव्हा तुफान गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक पुजारी, एक कुत्रं आणि व्हिडिओ काढणारी दोन कॉलेजची मुलं.

या शिळेवर नानाकाकाला मी माझ्या दहावीच्या सुट्टीत बघितलंय. बाहेर कॅलिपर सोडला, कुबड्यांबरोबर भिंतीला टेकवून ठेवला, दादाने आणि बाबांनी हातांची खुर्ची करून पायऱ्यांपुरतं उचललं, आणि आत गेल्यावर म्हणाला आता सोडा. मग आपला आपण हातांवर सरकत त्या थंडगार दगडावरून शिळेपर्यंत गेला आणि उताणा पडला. बाकी आम्ही उभ्याने मान वर करून आभाळ बघतोय, मान दुखली की खाली बघतोय. हा आरामात पडून. खांबांवरची नक्षी खालून वर कशी जाते, कुठल्या खांबाला चौकोनाचा गोल कुठे होतो, हत्ती, फुलं, सगळं तिथूनच आम्हाला दाखवत होता. गाईड आला आणि म्हणाला साहेब उठा, तर म्हणाला, साहेब उठू शकत असते तर इथं आलेच नसते, तू पण पड. आणि तो गाईड खरंच शेजारी पडला! डायरीत खिद्रापूरच्या पानावर एवढंच आहे: "जमीन उत्तम. गुळगुळीत. सरकायला महाराष्ट्रात एक नंबर."

आम्ही पण सगळे पडलो. काकू बसली फक्त, कारण पडलं की उठवायला क्रेन लागेल म्हणाली. पाऊस भुरभुरत होता, तोंडावर येत होता. लेकीला उठवावं लागलं.

रात्री कोल्हापुरात मटण. वाडीला जायच्या आदल्या दिवशी नाही आणि दर्शन झाल्यावर लगेच, असा काकाचा नियम, आणि आखाड चालू होता त्यामुळे हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. तांबडा बरा होता, पांढऱ्यात नारळ जास्त.

रविवार, पन्हाळा आणि जोतिबा

सकाळी धुकं, पन्हाळ्याच्या रस्त्याला दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. २०२५ मध्ये युनेस्कोने जे मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळे गर्दी वाढलीय असं चहावाला म्हणाला, पण पावसात तरी फार नव्हती. काकाचा हा लाडका किल्ला कारण गाडी आतपर्यंत जाते. साताऱ्याचा अजिंक्यतारा त्याने बाजूला दोन चाकं लावलेल्या कायनेटिक होंडावरून केला होता, बटन स्टार्ट, गिअर नाही, पायाचं कामच नाही, त्या गाडीने त्याचं आयुष्य बदललं असं काकू म्हणते. रायगड रोपवेने केला. पण पन्हाळ्यावर एकदा कुणी ट्रेकर पोरं म्हणाली की काका, गाडीने येणं म्हणजे किल्ला करणं नव्हे. त्यावर नानाकाकाचं उत्तर आमच्या घरात अजून चालतं: सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा खुद्द महाराज इथून पालखीतून बाहेर पडले, त्यांना कोणी म्हणालं का चालत जा?

तीन दरवाजाजवळ कणसं खाल्ली, अंबरखाना बघितला, धान्याची एवढी मोठी कोठारं आणि त्यांना नद्यांची नावं, गंगा, यमुना, सरस्वती, हे लेकीला फार आवडलं. अंधारबावीत काकू उतरली नाही. सज्जाकोठीवरून धुक्याशिवाय काही दिसलं नाही.

इथे बसलो असताना दादाने काढलं ते शेवटच्या वर्षांचं. पन्नाशीनंतर काकाचे खांदे दुखायला लागले, मग हातातली ताकद कमी व्हायला लागली, जो पाय बरा होता तोही थरथरायचा, चार पावलांत दमायचा. आम्हाला वाटलं वय झालं, डॉक्टरांनी सांगितलं पोलिओनंतर तीसचाळीस वर्षांनी असं होतं, त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात, ज्या थोड्या नसा वाचलेल्या असतात त्यांनी आयुष्यभर डबल ड्यूटी केलेली असते, त्या थकतात. व्यायाम करा, जोर लावा, हार मानू नका हे ज्याला जन्मभर ऐकवलं त्याला साठीच्या आसपास सांगायचं की आता जोर लावू नका. तो दिवस काकूला आठवतो, डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात तो भयंकर चिडलेला होता आणि घरी येऊन त्याने कपाटाच्या दाराचं बिजागर दुरुस्त केलं, जे दोन वर्षं तसंच होतं.

मग व्हीलचेअर आली. तिचं त्याला वाईट वाटलं नाही, उलट हात मोकळे राहतात म्हणून खूश होता, कुबड्यांवर चहाचा कप कधी नेता येत नाही. त्याला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. कुबड्या घेऊन हॉटेलात गेला की वेटर त्याला ऑर्डर विचारायचा. व्हीलचेअरमधून गेल्यावर काकूला विचारायला लागले, ह्यांना काय आणू? एकदा म्हणाला, बाळ, मी बसलोय, गेलो नाहीये, मला विचार. दुसऱ्या वेळी मात्र काहीच बोलला नाही, काकूकडे बघितलं, आणि काकूने वेटरला सांगितलं की ह्यांना विचारून सांगते, मग त्याच्याकडे वळून विचारलं, अहो काय खाणार? मिसळ. ह्यांना मिसळ. पूर्ण जेवण दोघांनी तसंच चालवलं, पाणी हवं का, अहो पाणी हवं का, हो, हो म्हणतायत. वेटर रडकुंडीला आला.

दुपारी जोतिबा. गुलाल, दवणा, चांगभलं. इथेही देऊळ खाली आणि पायऱ्या. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या नाचतात तेव्हा काकाने एकदाच हौस केली, लग्नाआधी, आणि गुलाल कॅलिपरच्या गुडघ्याच्या बिजागरात असा बसला की खटका लॉकच होईना. कॅलिपरचा गुडघा उभं राहिल्यावर लॉक व्हावा लागतो, नाहीतर माणूस खाली. मित्रांनी रॉकेल घालून साफ केला. बुटाचं चामडं नंतर वर्षभर गुलाबी, आणि त्याच बुटात तो काकूला बघायला गेला. काकू म्हणते, मी पाय नाही बघितला, हा एवढा नीटनेटका माणूस गुलाबी बूट का घालतो एवढंच बघत होते. तिच्या घरच्यांनी मात्र पायच बघितला, आणि दोन वर्षं नाही म्हणाले. त्याबद्दल ती जास्त बोलत नाही.

सोमवार, कऱ्हाड आणि परत

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, वेगवेगळ्या वाटेने येऊन इथे समोरासमोर भेटतात आणि काटकोनात वळून एक होऊन जातात, यशवंतरावांची समाधी, बाग. डायरीत: "सपाट. बाक भरपूर. कणीस महाग." कणीस अजून महाग आहे.

जेवायला हायवेजवळ एका मोठ्या हॉटेलात थांबलो, नवीन आहे, काचा वगैरे. दाराशी चार पायऱ्या आणि बाजूला रॅम्प. रॅम्पच्या तोंडाशी दोन बुलेट लावलेल्या आणि वरच्या बाजूला झाडाची भलीमोठी कुंडी. काकू पायऱ्यांपाशी थांबली. मी म्हटलं धर माझा खांदा, चार तर आहेत. तिने ऐकलंच नाही, गल्ल्यावरच्या मॅनेजरला बाहेर बोलावलं आणि विचारलं, हा उतार कशासाठी बांधलाय? तो म्हणाला, मॅडम, हँडिकॅप्ड लोकांसाठी, परवानगीला लागतो. काकूने आधी त्याला उताराचं गणित सांगितलं, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हा तुमचा सहा फुटांत दोन फूट चढतोय, यावरून खुर्ची वर जाणार नाही, खाली मात्र थेट हायवेवर जाईल. तो म्हणाला आर्किटेक्टने काढलाय. मग म्हणाली बरं, तो उद्या पाडा, आज कुंडी आणि गाड्या हलवा. मॅडम, तुम्ही तर चालताय. हो, ती म्हणाली, मी रॅम्पनेच जाणार.

मागे आणखी दोन कुटुंबं खोळंबली. एका बुलेटचा मालक आत जेवत होता, त्याला हात धुऊन उठावं लागलं, दुसरीची किल्लीच सापडेना, शेवटी दोन पोरांनी उचलून सरकवली. कुंडी चौघांनी ढकलली. तोपर्यंत दादा लाजेने गाडीत जाऊन बसलेला, वहिनी मोबाईलमध्ये, आणि लेक मात्र काकूच्या पाठीमागे, हात न लावता, पडली तर झेलायला म्हणून दोन्ही हात पुढे करून उभी. काकू तो खडा रॅम्प कठडा धरून चढली, वर जाऊन दम घेतला आणि म्हणाली, चुकीचाच आहे, पण चढता येतो.

जेवण ठीक होतं. आमटी गोड. मॅनेजर स्वतः ऑर्डर घ्यायला आला, आणि सगळ्यांना सोडून पहिल्यांदा काकूला विचारलं.

साताऱ्याला तिला सोडलं तेव्हा साडेसात झाले होते. कंदी पेढे घ्यायचे राहिले, वाडीचे होते म्हणून चाललं. खंबाटकीला ट्रॅफिक, खेड शिवापूरला ट्रॅफिक, घरी अकरा. खुर्ची आमच्याकडेच राहिली, सकाळी फोन आला की राहू दे, पण बाल्कनीत उन्हात ठेवू नकोस, प्लास्टिक तडकतं, दिवाळीनंतर गणपतीपुळ्याला लागेल, तिथं समुद्राकडून प्रदक्षिणेला चढ आहे आणि भक्तनिवासाचं ह्यांनी लिहून ठेवलंय ते मी बघून सांगते.